पॉझिटिव्ह राहा, पण आधी निकाल लावा!

परीक्षा जवळ आल्या की आपल्या शहरात दोन गोष्टी हमखास दिसतात. एक, औरंगपुऱ्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांपुढची गर्दी. दुसरी, कॉलेजच्या गेटवर लागलेला फ्लेक्स : 'ताणतणाव व्यवस्थापन आणि सकारात्मक दृष्टिकोन – एकदिवसीय कार्यशाळा'. झेरॉक्सबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मराठवाड्यातले निम्मे इंजिनिअर त्या मशीननंच घडवलेत. :-) आज लिहायचंय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल.

ज्यांनी ही कार्यशाळा कधी पाहिली नाही (असा पदवीधर महाराष्ट्रात सापडणं अवघड आहे) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सेमिनार हॉलमध्ये तीनशे पोरं कोंबतात. अटेंडन्स कंपल्सरी. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय यात पाऊण तास जातो. मग कोट घातलेले पाहुणे माइक हातात घेऊन 'गुड मॉर्निंग' म्हणतात, आणि पोरं पुरेशी ओरडली नाहीत म्हणून पुन्हा एकदा म्हणतात. मग अर्धा भरलेला ग्लास. मग लहानपणी दोरीला बांधलेला हत्ती. मग खड्ड्यातून वर येणारा तो बहिरा बेडूक. मग एडिसन. शेवटी डोळे मिटून 'मी यशस्वी होणारच' असं तीनदा म्हणायचं, आभारप्रदर्शन, चहा-बिस्कीट, आणि दुसऱ्या दिवशी पेपरच्या स्थानिक पुरवणीत फोटो. खाली ओळ : 'विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद'. उत्स्फूर्त कसला, दारात सर रजिस्टर घेऊन उभे होते ना!

मी शिकत होतो तेव्हा माझ्या कॉलेजनं ही कार्यशाळा नेमकी सबमिशनच्या आदल्या दिवशी ठेवली होती. तीन तास तणाव कसा घालवायचा हे ऐकलं आणि मग रात्री तीनपर्यंत जर्नलं लिहिली. यातला विनोद त्या दिवशी हॉलमधल्या प्रत्येक पोराला कळला होता. फक्त स्टेजवर बसलेल्यांना कळला नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. कॉलेजातल्या पोरांच्या ताणाचा मोठा भाग त्यांच्या डोक्यात तयार होत नाही. तो ऑफिसात तयार होतो. परीक्षा विभागात, स्कॉलरशिपच्या टेबलावर, वसतिगृहाच्या यादीत, टाइमटेबल लावणाऱ्याच्या आळसात. आणि ज्यानं तो तयार केला त्यानंच पोरांना 'पॉझिटिव्ह राहा' म्हणणं म्हणजे पायावर उभं राहून समोरच्याला 'लंगडू नकोस' म्हणण्यासारखं आहे.

शब्द आमचाच आहे

'स्ट्रेस' हा शब्द मुळात आम्हा इंजिनिअर लोकांचा. फर्स्ट इयरला कोणतीही ब्रँच असो, मेकॅनिक्सच्या तासाला शिकवतात : स्ट्रेस म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. त्यामुळे वस्तूचा आकार जो बदलतो तो स्ट्रेन. हान्स सेली नावाच्या शास्त्रज्ञानं १९३६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात एक छोटं टिपण छापलं. निरनिराळे त्रास दिले तरी उंदरांच्या शरीरात साधारण सारखेच बदल होतात, असं त्याचं निरीक्षण होतं. पुढं याच संशोधनातून 'स्ट्रेस' हा शब्द माणसांना चिकटला. गंमत म्हणजे, तेव्हा इंग्रजी चांगलं असतं तर आपण याला 'स्ट्रेन' म्हटलं असतं, असं सेलीनंच नंतर सांगितलं. म्हणजे शब्द उचलतानाच थोडा गोंधळ झाला. वजन कुठलं आणि वाकणं कुठलं यात गल्लत झाली.

ही गल्लत आजही चालू आहे, आणि ती सोयीची आहे म्हणून चालू आहे. पूल वाकला तर इंजिनिअर आधी विचारतो, यावरून किती टनांचे ट्रक गेले? डिझाइन किती टनांचं होतं? पुलाला कोणी 'दृष्टिकोन बदल' म्हणून सांगत नाही. माझ्या रोजच्या कामातही तेच. सर्व्हर रात्री दोन वाजता झोपला तर आम्ही लॉग उघडतो. कुठून किती रिक्वेस्ट आल्या, मेमरी कुठं संपली, कोणी काय बदल केला, ते बघतो. दोषी कोण हे शोधण्याआधी लोड काय होता हे शोधतो. हाच साधा नियम आम्ही लोखंडाला लावतो, काँक्रीटला लावतो, मशीनला लावतो. फक्त एकोणीस वर्षांच्या पोराला लावत नाही.

तर लोड काय आहे?

आपल्या गावचंच बघू. (गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर. माझ्या मार्कशीटवर औरंगाबाद आहे. दोन्ही चालेल, पाणी दोन्ही नावांनी उशिराच येतं.)

इथं शिकायला येणारं पोरगं जालन्याचं असतं, बीडचं असतं, परभणी-हिंगोलीचं असतं. बहुतेक वेळा घरी कोरडवाहू शेती. आता शेतीचं आणि कॉलेजचं कॅलेंडर शेजारी शेजारी ठेवून बघा. जूनमध्ये पेरणी. बी, खत, मजुरी, घरातला शेवटचा रुपया जमिनीत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये अ‍ॅडमिशन, म्हणजे फी. सोयाबीनचे पैसे दसरा-दिवाळीला आणि कापसाचे त्याच्याही नंतर. म्हणजे ज्या महिन्यात बापाच्या खिशात काहीच नसतं नेमकी त्याच महिन्यात फीची पावती फाडायची असते. 'बाबा, भरले का पैसे?' हा फोन करायला पोरगं किती दिवस टाळतं ते हॉस्टेलवर राहिलेल्याला विचारा. हा ताण कोणत्या दृष्टिकोनानं जाणार आहे? फीचा पहिला मोठा हप्ता डिसेंबरात घेतला तर जाईल. कॉलेजच्या अकाउंटंटनं एक तक्ता बदलला की जाईल.

आणि हे सरकारला कळत नाही असंही नाही. दुष्काळ जाहीर झाला की ज्या सवलती मिळतात त्यांची यादी काढून बघा. जमीन महसुलात सूट, पीककर्जाचं पुनर्गठन, कृषिपंपाच्या वीजबिलात ३३.५ टक्के सवलत, आणि त्याच यादीत एक ओळ असते : विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्काची माफी. म्हणजे पाऊस पडला नाही तर पोराच्या परीक्षेवर ओझं येतं हे शासनाला मान्य आहे, आणि त्यावरचा उपाय ओझं कमी करणं हाच आहे हेही मान्य आहे. २०१५-१६ च्या त्या भयंकर वर्षात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षात, आमच्या वर्गातल्या कितीतरी पोरांना या एका ओळीचा आधार होता. व्याख्यानाचा आधार होता असं मला कोणी सांगितलेलं आठवत नाही.

पुढचं ओझं राहण्याचं आणि जेवणाचं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून. सुरू झाली तेव्हाच्या दरानं आपल्यासारख्या शहराला वर्षाला ५१,००० रुपये. त्यातले २८,००० जेवणाचे. दहा महिने धरले तर महिन्याला २,८००, म्हणजे दिवसाला नव्वद-पंच्याण्णव रुपये. त्यात दोन वेळचं जेवण, चहा, नाश्ता. योजना चांगलीच आहे, वाद नाही. पण मेसवाले काका दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतात आणि योजनेचे पैसे कधी येतील ते कोणाला सांगता येत नाही. माझा रूममेट दोन वर्षं रोज सकाळी उठला की आधी बँकेचा मेसेज आलाय का ते बघायचा. दात नंतर घासायचा. महाडीबीटी पोर्टल २०१७-१८ मध्ये आलं तेव्हा तर पहिल्याच वर्षी ते इतकं अडखळलं की अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला आहे, पहिल्या वर्षी पोर्टल अडखळतं हे मला कळतं. पण ते अडखळल्याचा दंड कोण भरतं? पोर्टल बनवणारा नाही, मंजुरी देणारा नाही. मेसच्या काकांसमोर मान खाली घालून उभं राहणारं पोरगं भरतं.

घंटा वाजवा ना!

आता एक प्रयोग सांगतो, कारण माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली त्यात आहे. १९७० च्या आसपास जे वाइस नावाच्या अमेरिकन संशोधकानं उंदरांना विजेचे सौम्य धक्के दिले. (बिचारे उंदीर. मानसशास्त्राचं अर्धं ओझं त्यांनीच वाहिलंय.) काही उंदरांना धक्क्याच्या आधी एक आवाज ऐकू यायचा. काहींना काहीच सूचना नसायची. धक्के दोघांना सारखेच, तेवढेच, त्याच वेळी. पण ज्यांना आधी आवाज ऐकू यायचा त्यांच्या पोटात अल्सर खूप कमी झाले. कारण उघड आहे. आवाज नाही म्हणजे आत्ता धक्का नाही, एवढं त्यांना कळत होतं. तेवढ्या वेळात ते निवांत राहू शकत होते. दुसरे बिचारे चोवीस तास ताठ!

म्हणजे धक्का जेवढा मारतो त्याहून 'कधी बसेल सांगता येत नाही' हे जास्त मारतं.

आता आपल्या परीक्षा बघा. टाइमटेबल लागतं, पुढं ढकललं जातं, पुन्हा लागतं. हॉल तिकीट आदल्या संध्याकाळी. निकालाची तारीख कोणाला माहीत नसते, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर 'आज लागणार' अशी अफवा आठवड्यातून दोनदा येते. पुनर्मूल्यांकनाचा निकाल येईपर्यंत त्याच विषयाचा पुढचा पेपर डोक्यावर येतो, म्हणजे पास झालोय की नाही हे कळायच्या आत पुन्हा अभ्यास करायचा आणि पुन्हा फी भरायची. पेपर अवघड असतो याचा ताण असतोच, नाही असं नाही. तो असावाही थोडा. पण हा जो बिनघंटेचा ताण आहे तो फुकटचा आहे. त्यातून कोणी काही शिकत नाही.

आणि हे सगळं कायद्याच्या विरुद्ध आहे, हे किती जणांना माहीत आहे? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये स्वच्छ लिहिलंय : परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत लावायचा. नाही जमलं तर कारणांसह अहवाल कुलपतींना आणि शासनाला द्यायचा. पंचेचाळीस दिवस. घंटा कायद्यातच आहे, फक्त कोणी वाजवत नाही.

न वाजवल्यावर काय होतं ते २०१७ मध्ये मुंबईनं दाखवलं. मुंबई विद्यापीठानं सतरा लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका एकदम कॉम्प्युटरवर तपासायला घेतल्या. पुरेशी तयारी नाही, प्राध्यापकांना पुरेसं प्रशिक्षण नाही. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, ती हुकली. काही निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. पुढच्या प्रवेशाच्या तारखा उलटल्या, हातातल्या नोकऱ्या लटकल्या. अखेर ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मुंबईच्या पोरांना जो ताण आला तो कोणत्या श्वसनाच्या व्यायामानं गेला असता? निकाल लागला तेव्हाच तो गेला.

त्याच वर्षीची आपल्या गावची गोष्ट तर याहून वाईट. मे २०१७ मध्ये शहरातल्या एका नगरसेवकाच्या घरी इंजिनिअरिंगचे वीस-पंचवीस विद्यार्थी, सकाळी झालेला पेपर रात्री पुन्हा लिहीत बसलेले, पोलिसांना सापडले. देशभर बातमी झाली. त्या पोरांवर पुष्कळ लिहून आलं. पण त्या रात्री आपापल्या खोलीत पुढच्या पेपरचा अभ्यास करत बसलेल्या हजारो पोरांवर कोणी लिहिलं का? आपण तासन्‌तास घासतोय आणि पलीकडं पेपरच बदलला जातोय, हे कळल्यावर जो ताण येतो त्याला व्यवस्थापनाच्या पुस्तकात नाव नाही. साध्या मराठीत त्याला अन्याय म्हणतात.

'मी यशस्वी होणारच' वगैरे

बरं, एवढं करून तो सकारात्मक मंत्र निदान उपयोगी तरी असतो का? याच्यावरही लोकांनी अभ्यास केलाय. जोअ‍ॅन वुड आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कॅनडात एक प्रयोग छापला. 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य लोकांना मनात पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचा आत्मविश्वास आधीच चांगला होता त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचा कमी होता त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं! साहजिक आहे. तोंडानं 'मी भारी' म्हणायचं आणि मन आतून पुरावे काढून दाखवणार की तू कसा भारी नाहीस. म्हणजे हॉलमधल्या ज्या पोराला त्या मंत्राची सगळ्यात जास्त गरज आहे त्यालाच तो बाधतो. आणि ज्याला बाधत नाही तो तसाही पहिल्या बाकावर बसून हात वर करत असतो.

दुसरा प्रयोग १९९९ चा, फाम आणि टेलर यांचा, कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवर. परीक्षेच्या आधी काही दिवस एका गटाला सांगितलं, आपल्याला मस्त मार्क पडलेत असं रोज डोळ्यांपुढं आणा. दुसऱ्याला सांगितलं, आपण कुठं, कधी, कसे अभ्यासाला बसतोय ते डोळ्यांपुढं आणा. दुसऱ्या गटानं अभ्यास लवकर सुरू केला, जास्त केला आणि मार्कही जास्त मिळवले. यशाची स्वप्नं बघणारा गट मागं पडला. आपल्या आज्यांना हे प्रयोग न करता माहीत होतं. 'बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात' ही म्हण काय उगाच आली?

'आमच्या वेळी' आणि इतर आक्षेप

आता काही जण म्हणतील, मग काय पोरांनी रडत बसायचं? व्यवस्थेला शिव्या घालायच्या आणि अभ्यास सोडायचा? हे म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच खोटा नाही. दोन पोरांवर तेच ओझं असतं, एक निभावतो आणि एक कोलमडतो, हे आपण बघतोच. मनाची तयारी, सवयी, मित्र, याला किंमत आहे, आणि ते शिकवायलाही हवं. पण कोणत्याही कारखान्यात कामगाराला आधी सुरक्षित मशीन देतात आणि मग हेल्मेट देतात. मशीनचं कव्हर काढून टाकायचं आणि हेल्मेट घालण्याच्या फायद्यांवर व्याख्यान ठेवायचं, याला वाळूजच्या एमआयडीसीत कोणी सेफ्टी म्हणणार नाही.

दुसरे काका म्हणतात, 'आमच्या वेळी कंदिलावर अभ्यास केला, आम्हाला नाही आलं टेन्शन.' काका, तुमच्या वेळचंच सांगतो. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन झालं ते विद्यार्थ्यांनी पेटवलं होतं. नोकऱ्या नव्हत्या, उद्योग नव्हते, सिंचन नव्हतं, मीटरगेजची गाडी रखडत चालायची. त्या पोरांना टेन्शन होतंच. पण त्यांनी आपला दृष्टिकोन दुरुस्त करत बसण्याऐवजी मागण्यांची यादी केली. ब्रॉडगेज पाहिजे, कारखाने पाहिजेत, पाणी पाहिजे. ब्रॉडगेज यायला नव्वदचं दशक उजाडलं, पण आली. आणि ज्या विद्यापीठाच्या गेटसमोर आपण फोटो काढतो त्याला १४ जानेवारी १९९४ ला बाबासाहेबांचं नाव मिळालं, ते विधिमंडळानं ठराव केल्यानंतर सोळा वर्षांनी, आणि त्या सोळा वर्षांत लोकांनी काय काय सोसलं ते इथं वेगळं सांगायला नको. या भागातल्या पोरांना सहनशक्ती कमी आहे असं निदान आम्हाला तरी कोणी सांगू नये.

तिसरा आक्षेप : 'एवढं काय त्यात, परीक्षाच तर आहे.' यावर फक्त आकडे देतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे देशात २०१३ मध्ये ८,४२३ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२३ मध्ये १३,८९२. रोजचे अडतीस. आणि राज्यांच्या यादीत आपला महाराष्ट्र सगळ्यात वर. प्रत्येकामागं कारणं वेगळी, अनेक, गुंतलेली असतात. ती एका वाक्यात कोणी सांगू नयेत आणि मीही सांगत नाही. पण दहा वर्षांत एवढी वाढ झाली आणि आपलं उत्तर अजून तोच ग्लास, तोच बेडूक, तोच हत्ती?

मग काय करायचं?

टीका सोपी असते, म्हणून यादी देतो. यातल्या एकाही गोष्टीला फार पैसे लागत नाहीत.

१. सेमिस्टरच्या पहिल्या दिवशी टाइमटेबल. बदलावं लागलं तर नोटीशीवर कारण आणि सही. सही असली की बदल आपोआप कमी होतात, हा सगळ्या ऑफिसांचा अनुभव आहे.

२. सगळ्या विषयांची सबमिशन एकाच आठवड्यात नकोत. विभागातल्या सहा सरांनी एका टेबलावर चहा घेतला तर अर्ध्या तासात तारखा वाटून होतील.

३. फीचे हप्ते हंगाम बघून. स्कॉलरशिप अडली म्हणून हॉल तिकीट अडवायचं नाही.

४. निकाल ४५ दिवसांत. शेहेचाळिसाव्या दिवशी उशिराचं कारण वेबसाइटवर.

५. समुपदेशक. सुप्रीम कोर्टानं २५ जुलै २०२५ च्या निकालात देशभरच्या शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक सूचना दिल्या. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण. त्यात म्हटलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. प्रशिक्षित, हा शब्द महत्त्वाचा. शिस्तपालन समितीच्या सरांनाच 'समुपदेशक' अशी पाटी लावून चालणार नाही. ज्या माणसाच्या हातात माझे इंटर्नलचे मार्क आहेत त्याच्यापुढं मी मन मोकळं करीन, असं ज्याला वाटतं तो स्वतः कधी विद्यार्थी नसावा.

एवढ्या पाच गोष्टी केल्या की मग खुशाल कार्यशाळा ठेवा. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायला मी सुट्टी टाकून येईन.

आणि मित्रा, तुला

वरचं सगळं कधी होईल ते होईल. तुझा पेपर सोमवारी आहे. म्हणून तुझ्यासाठी चार ओळी, बेडूक न आणता.

कागद घे, मधोमध रेघ मार. डावीकडं जे तुझ्या हातात आहे ते : कोणते युनिट, किती दिवस, कोणाकडून नोट्स. उजवीकडं जे तुझ्या हातात नाही ते : निकाल, स्कॉलरशिप, पाऊस, मार्केटचा भाव. उजवी बाजू वाचली की अर्धा राग स्वतःवरून उतरतो, कारण इतके दिवस तिचाही दोष तू स्वतःला देत होतास. डाव्या बाजूतलं एक काम आज कर. उजव्या बाजूतल्या प्रत्येक गोष्टीसाठी एक अर्ज कर, एकट्यानं नको, वर्गातले दहा जण मिळून, पोहोच घेऊन. पोहोच घेतलेल्या अर्जाइतकी शांत झोप दुसरं काही देत नाही.

रात्रभर जागून वाचलेलं सकाळी अर्धं उडतं, तेव्हा झोप. संध्याकाळी तासभर विद्यापीठामागच्या गोगाबाबा टेकडीवर चढून ये. टेकडीला अटेंडन्स नाही. केटी लागली तर ती मार्कशीटवरची एक ओळ आहे. मी नोकरीत लागल्यापासून कोणी माझी तिसऱ्या सेमिस्टरची मार्कशीट मागितलेली नाही, आणि मीही इंटरव्ह्यू घेताना कोणाची मागितलेली नाही. घरी खरं सांग. शेतात दोनदा पेरणी करणाऱ्या माणसाला एक पेपर पुन्हा द्यायचा म्हणजे काय ते तुला वाटतं त्याहून चांगलं कळतं.

आणि जर हे सगळं करूनही डोकं काळं पडत असेल, झोप नाही, जेवण नाही, जगणंच नको असं मनात येत असेल, तर आज, आत्ता एका माणसाला सांग. मित्र, बहीण, रूममेट, कोणीही. आणि १४४१६ ला फोन लाव. टेली-मानस म्हणतात त्याला, केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलंय, फुकट आहे, रात्री-बेरात्री चालतं, मराठीत बोलता येतं. ताप आला की घाटीत जायला आपल्याला लाज वाटत नाही. यालाही वाटू द्यायची नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा तुझा हक्क केलाय, कोणाचे उपकार नाहीत.

आपल्या गावाची बोली मला फार आवडते, पण 'टेन्शन नक्को लेऊ' या वाक्याशी माझं कधी जमलं नाही. टेन्शन कोणी दुकानातून विकत घेत नाही. ते देणारा कोणीतरी असतो. त्याचं नाव, पद आणि ऑफिसची वेळ माहीत करून घेणं, हाही अभ्यासाचाच भाग समज.

असो. शनिवारचा बराच वेळ यात गेला. पटलं असेल तर तुमच्या ओळखीच्या एखाद्या प्राचार्यांना नक्की वाचायला द्या. नाही पटलं तर पॉझिटिव्ह राहा. :-)